शेजारणीचं पाकीट

माझ्या नात्यातलं कुणीही भेटलं की दोन मिनिटांच्या आत विचारतं, "मग, सापडलं का काही?" लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत विचारलं. मी त्रिवेणी हणमंतराव बिरादार, वय एकतीस. हैदराबादेतल्या एका संशोधन संस्थेत सात वर्षं पीएच.डी. करते आहे आणि सात वर्षं माझं उत्तर एकच आहे: नाही. साधंसुधं नाही नव्हे, चांगलं मोजूनमापून काढलेलं नाही. माझ्या नावावर तीन शोधनिबंध छापून आलेत आणि तिन्हींचं तात्पर्य 'आम्ही तिकडे पाहिलं, काही दिसलं नाही' एवढंच आहे. दिलसुखनगरची सावित्रीमावशी एकदा म्हणाली, "अगं, नाहीच म्हणायचं होतं तर त्याला सात वर्षं कशाला लागतात गं?" मला इतका राग आला की मी तिच्या हातचा लाडू परत ताटात ठेवला. मग मुद्दा बिनतोड आहे हे लक्षात आलं आणि लाडू पुन्हा उचलला.

मी शोधते ते गॅमा किरण. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाहून यातला एकेक किरण हजारो कोटी पटींनी जोरकस. कुठल्यातरी आकाशगंगेत तारे धडाधड जन्मतात, धडाधड फुटतात, त्या धुमश्चक्रीत हे किरण तयार होतात आणि नाकासमोर चालत कोट्यवधी वर्षांनी आपल्याकडे पोचतात. पोचतात तरी कसे, तर वरच्या वर हवेवर आपटतात आणि तिथे एक निळसर चमक उठते. पापणी लवायच्या कितीतरी आधी ती विझते. लडाखच्या पठारावरची आमची दुर्बीण ती चमक टिपते आणि आमच्याकडे हैदराबादेत पाठवते. भानगड अशी, की तशीच चमक अवकाशातल्या इतर भुरट्या कणांमुळेही उठते. एका खऱ्या किरणामागे हजारो तोतये. बायका तांदळातून खडे निवडतात, आम्ही खड्यांच्या पोत्यातून तांदळाचा दाणा निवडतो. हे काम मी आणि पुष्कर करतो. पुष्कर पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी आला, माझ्याहून चार वर्षांनी लहान, हुशार आहे, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी आम्ही दुर्बीण जिकडे वळवली ती आकाशगंगा सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. यादीत तिला लांबलचक आकडा आहे, आम्ही तिला शेजारीण म्हणतो, कारण आभाळाच्या मापाने हे अंतर म्हणजे भिंतीला भिंत. असल्या जवळच्या आकाशगंगांपैकी गॅमा किरणांत दिसलेल्या अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारीण कुणालाच दिसलेली नव्हती. ती मला दिसावी अशी माझी इच्छा होती. खोटं कशाला बोलू, इच्छा कसली, हाव होती.

आता आमचे मार्गदर्शक, किशोर सर. हळू बोलतात, हळू चालतात, मुंगीवर पाय पडला तर तिची क्षमा मागतील. पण इतका लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांची एक रीत आहे, तिला ते पेरणी म्हणतात. दुर्बिणीची माहिती आमच्या हाती देण्याआधी ते कधीकधी त्यात संगणकावर बनवलेले नकली किरण मिसळतात. हुबेहूब खऱ्यासारखे, ओळखणं अशक्य. कधी मिसळतात, कधी नाही. मिसळले असतील तर एका कागदावर तसं लिहितात, नसतील तर कागद कोराच ठेवतात, आणि कागद पाकिटात बंद करतात. आम्ही सगळं काम करायचं, किरण दिसले तर अख्खा शोधनिबंध शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत लिहायचा, आणि मगच पाकीट उघडायचं. कागदावर काही लिहिलेलं असलं तर सगळी परीक्षा होती, निबंध केराच्या टोपलीत. कागद कोरा निघाला तर शोध खरा. मनाला जे हवं असतं तेच डोळ्यांना दिसू नये, म्हणून हा खटाटोप. रीत चांगली आहे. ज्याच्यावर गुदरते त्यालाच तिची किंमत कळते.

माझ्यावर एकदा गुदरली होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आकाशगंगेतून मला किरण दिसले. मी उतावळी. पाकीट उघडण्याआधीच घरी सांगितलं, आईने अख्ख्या हिमायतनगरात उस्मानिया बिस्किटं वाटली, सावित्रीमावशीने चंद्रहार गळ्यात घालून सत्काराची तयारी केली. चार दिवसांनी पाकीट उघडलं. आत सरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'पेरणी केली आहे. चांगलं ओळखलंस.' मी दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. आई दाराबाहेर ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

या खेपेला सरांनी पाकीट संस्थेत ठेवायचं नाही असं ठरवलं. संस्थेचं कपाट पुष्कर केसांच्या पिनेने उघडतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडे ठेवा."

माझ्या वडिलांना मी अण्णा म्हणते. आमचं मूळ गाव उदगीरकडचं. आजोबांची शेती होती, अण्णांनी अफझलगंजात दोर आणि ताडपत्रीचं दुकान टाकलं. बाजारात एक जुना रिवाज आहे. दोन व्यापाऱ्यांत मालाच्या नमुन्यावरून वाद झाला, की नमुन्याची पुडी बांधून, मोहर लावून तिसऱ्याच दुकानदाराकडे ठेवायची. वाद मिटेपर्यंत ती कुणी सोडायची नाही. तिला अमानत म्हणतात. गेली बत्तीस वर्षं अफझलगंजात कुणाचंही बिनसलं की लोक म्हणतात, "हणमंतराव के पास रख दो." अण्णांनी एकही पुडी कधी हुंगूनसुद्धा पाहिली नाही. एकदा एकीत मिरची होती, आठवडाभर शिंकत राहिले, पण पुडी हलवली नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सर आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांनी पाकीट अण्णांच्या हातात दिलं. पांढरं पाकीट, डिंकाने चिकटवलेलं, वर निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेलं: 'त्रिवेणी व पुष्कर यांच्यासमोर उघडावे.' अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "साहेब, आता हे माझ्या बापानं मागितलं तरी देणार नाही. अन् जिथं ठेवलं तिथंच उघडायचं. ह्याच घरात. आमचा रिवाज आहे."

"उत्तम रिवाज आहे," सर म्हणाले.

पाकीट लोखंडी कपाटात, आईच्या रेशमी साड्यांच्या घडीखाली गेलं आणि किल्ली महादेवाच्या तसबिरीमागे.

त्यानंतर माझी आई बदलली. आईचं नाव पद्मावती, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सर्वश्रुत आहे. गल्लीतली बातमी तेलुगूत ऐकते, मराठीत सांगते, आणि वरून "कुणाला सांगू नकोस" म्हणते. अशी ही बाई नोव्हेंबरापासून गप्प झाली. माझ्या लग्नाचा विषय तर इतका बंद, की मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं. रोज सकाळी माझ्यासाठी भिजवलेले बदाम, सोलून. मी डबा भरताना मागे येऊन उभी राहायची आणि उगाच माझी वेणी सारखी करायची. स्वतः मात्र धड जेवायची नाही. मी घाबरून तिला दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठीक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही टेन्शन आहे का, अम्मा?" तर आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती म्हणाली, "मला कशाचं टेन्शन, पोरीचं बघा." मी चिडले. माझी कसली तपासणी करायची होती!

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा चाळीसला, शेजारीण दिसली.

कशी दिसली ते सांगते. सगळे तोतये चाळून झाले, शेवटची आज्ञा दिली आणि पडद्यावर आभाळाचा तुकडा उमटला. करडा, ठिपक्याठिपक्यांचा. आणि मध्यभागी, जिथे शेजारीण असायला हवी नेमकं तिथे, एक जाड, लालबुंद, निर्लज्ज ठिपका. पुष्करने आकडा काढला. आमच्या धंद्यात योगायोगाने असं दिसण्याची शक्यता सिग्मात मोजतात. पाच सिग्मा म्हणजे पस्तीस लाखांत एखाद वेळी फसगत व्हायची. पाचाच्या वर गेलं की शोध म्हणायची मुभा.

"किती?" मी विचारलं.

"सहा पूर्णांक तीन."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं. सहा पूर्णांक तीन."

आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून राहिलो आणि मग काय झालं कोण जाणे, हसायलाच लागलो. पुष्कर हसता हसता खुर्चीसकट गोल फिरत होता. मी टेबलावर थापा मारत होते. शेजारच्या खोलीतले लोक भूकंप झाला का बघायला आले. त्यांना सांगायची सोय नव्हती, म्हणून पुष्करने सांगितलं, की मी विनोद सांगितला. ते लोक जास्तच आश्चर्यचकित होऊन गेले, कारण सात वर्षांत मी तिथे एकही विनोद सांगितलेला नाही. मग आम्ही कॅन्टीनमध्ये लागोपाठ चार चार चहा प्यालो. पुष्कर मधूनच कुजबुजायचा, "सहा पूर्णांक तीन," आणि मी म्हणायचे, "गप्प बस, पेरणी असेल." मग मी कुजबुजायचे आणि तो म्हणायचा, "गप्प बस."

परतताना रिक्षात मी एकटीच इतकी हसत होते, की रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "क्या हुआ मॅडम, लॉटरी लगी क्या?"

"अब्बी नक्को पूछो भाई," मी म्हटलं. "पाकीट खुलने दो."

"कित्ते का पाकीट है?"

"सव्वा करोड़ का."

नारायणगुड्याच्या सिग्नलपासून घरापर्यंत त्याने रिक्षा इतकी जपून चालवली, जणू मी काचेचीच आहे.

घरी मात्र मी तोंड शिवलं. महिनाभर आम्ही निबंध लिहिला. दिवसा मला खात्री असायची, की शेजारीण खरी आहे. जेवताना आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं की खात्री ढेपाळायची. कागदावर 'चांगलं ओळखलंस' लिहिलेलं मला दिसायचं, सुबक अक्षरात. शिष्यवृत्ती मेअखेर संपत होती. शेजारीण खरी निघाली तर माझा प्रबंध शोधाचा होणार होता. नाही तर तो 'कुठेच काही दिसलं नाही' या विषयावरचा दोनशे पानी ग्रंथ होणार होता. आणि खरं सांगायचं तर प्रबंधाचंही जाऊ दे. मला एकदा, फक्त एकदा, कुणीतरी विचारल्यावर 'हो, सापडलं' म्हणायचं होतं.

मार्चमध्ये निबंध पुरा झाला. शेवटचा स्वल्पविरामही दिला. रविवारी दुपारी सर आणि पुष्कर आमच्याकडे आले.

आईने बगारा भात केला होता, वांग्यांचं बघारं केलं होतं, चुक्याची भाजी, भाकरी, गोडात पावाचा डबल का मीठा, सगळं होतं. अण्णांचं म्हणणं होतं आधी पाकीट, आईचं म्हणणं आधी जेवण. आई जिंकली. मग जेवण संपेना. कुणाचं ताट रिकामं व्हायचा अवकाश, की आई वाढायची. पुष्करने सात वांगी खाल्ली, आठव्याला हात जोडले.

"काकू, खरंच पुरे."

"एवढंसं घे की रे. काय घाई आहे?"

"घाई पाकिटाची आहे, आई," मी ओरडलेच. "तू वाढत बसलीस तर पुढचा ऋतू लागेल!"

आईने पातेलं खाली ठेवलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, माझ्या ओरडण्यानेच.

अण्णांनी हात धुतले, टोपी घातली, महादेवाच्या मागची किल्ली काढली आणि पाकीट स्टीलच्या ताटलीत ठेवून आणलं. बाजारात विचारतात तसं त्यांनी सरांना विचारलं, "साहेब, बघून घ्या. तुमचीच अमानत का? जशी दिली तशीच हाय का?"

सरांनी पाकीट उचललं, उलटं केलं, चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. थांबले. चष्मा वर सारून कड डोळ्यांजवळ नेली.

"हणमंतराव, मी हे डिंकाने चिकटवलं होतं."

"हाव," अण्णांनी मान डोलावली.

"मग हे शीत कुठून आलं?"

आम्ही सगळे वाकलो. कडेखालून भाताचं एक चपटं, वाळलेलं शीत डोकावत होतं.

अण्णांचा चेहरा असा झाला, की मी त्यांना धरायला उठले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई रडत रडत म्हणाली, "मी उघडलं. मी उघडलं हो! पोरीला काही बोलू नका, मीच उघडलं!"

मग ती बोलतच सुटली. चार महिन्यांचं साचलेलं.

"मागच्या टायमाला दोन दिवस जेवली नाही ही. दार उघडलं नाही. म्हटलं ह्या टायमाला आधी ठाऊक असलं तर जरा सांभाळता तरी येईल. तिसऱ्याच दिवशी तुम्ही दुकानात गेलावं, ही कामाला गेली, मी इडलीचं भांडं ठेवलं अन् वाफेवर धरलं. सुटलं. आत कागद होता. उघडून बघते तर कोरा! दोन्ही बाजूंनी कोरा! माझ्या मेलीच्या वाफेनं सगळी शाई उडवली. काय लिहिलं होतं ते माझ्या हातानं पुसलं गेलं. भाताची खळ लावली अन् ठेवून दिलं. तवापासून घास गोड लागेना. पोरगी राबलालीय, राबलालीय, अन् तिच्या सात वर्षांवर मी पाणी फिरवून बसले की!"

माझं डोकं चालायला थोडा वेळ लागला. शोधनिबंध लिहिणारं डोकं आहे, जड असतं. आई 'कोरा' म्हणाली. पुष्करच्या हातात दह्याची वाटी होती आणि ती हळूहळू तिरकी होत होती.

"काकू," तो म्हणाला, "म्हणजे कागदावर काहीच नव्हतं?"

"होतं की रे! नसायला काय झालं? साहेब काय कोरा कागद पाकिटात घालून कपाळाला लावायला देतील? मी पुसलं!"

मला हसू फुटत होतं आणि मी ते दाबत होते, कारण अजून खात्री नव्हती. शाई खरोखरच उडाली असली तर? बायका पत्रं वाफेवर उघडतात, पण शाईचं काय होतं कुणी तपासलंय? मी पाकीट सरांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. वरची अक्षरं! 'त्रिवेणी व पुष्कर यांच्यासमोर उघडावे.' तेच पेन, तीच शाई. वाफ आधी पाकिटाला लागली, मग आतल्या कागदाला. वरच्या अक्षरांपैकी 'उघडावे'मधला शेवटची मात्रा जराशी पसरली होती. बाकी एकूण एक अक्षर जागच्या जागी.

"आई!" मी किंचाळले. "बाहेरचं कुठं पुसलंय? बाहेरचं पुसलं नाही तर आतलं कसं पुसेल?"

आई रडायची थांबून पाहू लागली. पुष्करने पाकीट माझ्याकडून घेतलं, उजेडात धरलं, दही त्याच्या सदऱ्यावर सांडलं, त्याला पत्ता नाही. मग आम्ही तिघांनी एकदम सरांकडे पाहिलं. सर सावकाश पाण्याचा घोट घेत होते. सांगितलं ना, असा लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी पेला ठेवला, पाकीट फोडलं, आतला कागद काढून आधी मला दाखवला, मग पुष्करला, मग उलटा करून पुन्हा मला. पांढरा शुभ्र.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "तुम्ही काही पुसलं नाही. मी यावर काही लिहिलंच नव्हतं."

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं मला सलग आठवत नाहीत. मी जेवणाच्या टेबलाभोवती धावले एवढं नक्की, कारण नंतर माझ्या पायाच्या करंगळीला सूज होती. पुष्करने आठवं वांगं उचलून अख्खं तोंडात घातलं. मी आईला कमरेला धरून गर्रकन फिरवलं. ती "अगं पडेन, अगं सोड, अगं काय झालं ते तरी सांग!" म्हणत होती आणि मी नुसतं "दिसली! आई, दिसली!" एवढंच म्हणत होते. शेजारच्या सरलाअम्मांनी भिंतीवर ठोकून काय झालं म्हणून तेलुगूत विचारलं, "एमैंदी?" मी भिंतीला तोंड लावून ओरडले, "सापडलं!" त्यांना वाटलं, आईची हरवलेली बांगडी. त्यांनाही फार आनंद झाला.

मग मी आईला खुर्चीवर बसवलं आणि नीट सांगितलं. कागद कोरा, म्हणजे कुणी काही पेरलं नव्हतं. आम्हाला जे दिसलं ते खरंच त्या आकाशगंगेतून आलं. शेजारीण खरी. "आणि आई, आम्ही सगळे अंधारात चाचपडत असताना अख्ख्या जगात ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. एक सर. दुसरी तू."

"मला कुठं ठाऊक होतं?" आई म्हणाली. "मी तर चार महिने रडत होते."

एवढ्या गदारोळात अण्णा तसेच उभे होते. टोपी डोक्यावर, रिकामी ताटली हातात. त्यांनी ती खाली ठेवली आणि सरांपुढे हात जोडले.

"साहेब, माफी करा. बत्तीस वर्षांत माझ्याकडची अमानत फुटली नव्हती. आज फुटली."

"अहो हणमंतराव, पण आत काहीच नव्हतं!"

"काही असो नसो. कोरा कागद असला तरी अमानत ती अमानत."

आईने पदर डोळ्यांना लावला. माझं हसू ओसरलं. मला अण्णांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल भयंकर मायाही वाटली, दोन्ही एकाच क्षणी. काय करावं सुचेना. पुष्करला मात्र सुचलं. त्याने ताटं बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

"काका म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "नियम मोडला, तर निबंधात सांगायला हवं. आधी एक विचारतो. काकू, या चार महिन्यांत तुम्ही कुणाला सांगितलंत? त्रिवेणीला? शेजारी?"

"महादेवाची शपथ. कुणालाच नाही."

"हिनं?" अण्णा दचकून म्हणाले. "चार महिने? कुणालाच?"

"कुणालाच नाही," आई मान खाली घालून म्हणाली.

अण्णांनी टोपी काढली. दिवसभरात त्यांना बसलेला सगळ्यात मोठा धक्का बहुधा हाच. पुष्कर इंग्रजीत टाइप करू लागला आणि मराठीत वाचून दाखवू लागला. "तळटीप. 'पाकीट ठरलेल्या दिवसाआधी चुकून उघडले गेले. उघडणाऱ्या व्यक्तीचा या संशोधनाशी संबंध नव्हता.' ठीक?"

"काय म्हणालास?" अण्णा पुढे आले. "चुकून?"

"तसंच लिहायची पद्धत आहे, काका."

"काढ ते. चुकून इडलीचं भांडं ठेवतं का कुणी? चुकून खळ लावतं का? अन् 'उघडले गेले' काय? आपलं आपण उघडलं का ते? हिनं उघडलं. नाव लिही. पद्मावती हणमंतराव बिरादार."

"अहो, नक्को!" आई उठलीच. "माझं नाव कशाला सगळ्या जगात?"

"अमानत फुटली तर कुणी फोडली, कशासाठी फोडली, सगळं सांगायचं असतं. तवाच लोक पुढची ठेवतात," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "अन् कशासाठी ते पण लिही, बाबा. लेकीसाठी उघडलं म्हणावं."

पुष्करने सरांकडे पाहिलं. शोधनिबंधात असलं काही लिहीत नाहीत. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"लिही," ते म्हणाले.

पुष्करने लिहिलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी तिच्या शेजारी बसून मराठीत सांगू लागले. "'पद्मावती हणमंतराव बिरादार यांनी हे पाकीट अठरा नोव्हेंबरला उघडलं. त्यांनी आत काय आहे ते कुणालाही सांगितलं नाही. आपली मुलगी पुन्हा...'" पुष्करसमोर मी कधी रडत नाही. त्या दिवशी रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मध्येच हसतही होते. "'आपली मुलगी पुन्हा रडणार आहे का, हे त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं.'"

आईने पडद्यावरच्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग तिने अण्णांचं राहिलेलं भाकरीचं ताट आपल्याकडे ओढलं, चार महिन्यांनी पहिल्यांदा मोठा घास घेतला आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, "परत वाच की."

मी पहिल्यापासून वाचलं.